कोर्गुरचा सौदा

मार्चच्या वादळाने मेंढ्यांच्या गोठ्याचं छप्पर उचलून ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं, आणि त्याच संध्याकाळी ह्यालमार आपला घोडा कोर्गुर विकायला हो म्हणाला. मार्चमध्ये माणूस कशालाही हो म्हणतो. शिवाय कोर्गुर तेव्हा अस्वलासारखा केसाळ झाला होता आणि दिवसभर कुंपणाला ढुंगण घासत उभा असायचा. त्याच्यात जीव गुंतवण्यासारखं काही दिसत नव्हतं. ह्यालमारची बायको थोर्दिस हिने लगेच हॅनोव्हरच्या उर्सुला नावाच्या दातांच्या डॉक्टरणीला फोन लावला, कोर्गुर धावतानाची जुनी चित्रफीत पाठवली आणि शब्द देऊन टाकला.

जुलैत उर्सुलाबाई आल्या. ह्यालमार आणि थोर्दिस दर उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन डोंगरापलीकडे आठवडाभराची घोडेसहल काढत. त्या सहलीत रोज थोडा वेळ कोर्गुरवर बसायचं आणि मग त्याला जर्मनीला न्यायचं, असं बाईंचं ठरलं होतं. पण तोवर कोर्गुरची हिवाळी लोकर झडून आतून तुकतुकीत काळपट तपकिरी घोडा बाहेर आला होता. तोल्त नावाच्या, इथल्या घोड्यांच्या खास सपाट चालीत तो असा धावे, की वर बसणाऱ्याच्या हातातली कॉफी हिंदकळत नसे. ह्यालमारचं मन फिरलं. या बेटावरचा घोडा एकदा देशाबाहेर गेला की गेला. रोगराईच्या भीतीने कायदा त्याला पुन्हा इथे पाऊल टाकू देत नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. दिवाळं काढून पळालेला माणूस परत येऊ शकतो, घोडा नाही.

"थोर्दिस," निघायच्या सकाळी तो म्हणाला, "ते छप्पर अजून एक हिवाळा नसलं तरी..."

"शब्द दिलाय," थोर्दिस म्हणाली. "बाईंनाही आणि मेंढ्यांनाही."

त्या खोऱ्यात बायकोशी वाद घालायची पद्धत नाही; तिथे गप्प बसून आपल्याला हवं ते करायची पद्धत आहे. ह्यालमार तडक शेजारच्या ब्रागीकडे गेला. ब्रागी सहलीला दरवर्षी स्वतःचे चार घोडे घेऊन यायचा आणि दिवसातून दोन-तीनदा घोडे बदलण्यासाठी सोबत नेलेल्या मोकळ्या कळपाच्या मागे राहून मागे पडणाऱ्यांना हाकायचा. त्याच्या चारांपैकी लुब्बी हा कोर्गुरसारखाच काळपट तपकिरी होता. दोघांच्याही कपाळावर ठिपका नाही, की एखादा पाय पांढरा नाही. परक्या माणसाला दोन्ही सारखेच दिसणार. फरक वर बसल्यावर कळे. लुब्बी धावू लागला की बसणाऱ्याचे दात वाजत, आणि प्रत्येक ओढ्यात तो देवदर्शनाला आल्यासारखा थांबे.

"दुपारच्या टप्प्यात बाईंना लुब्बीवर बसवायचं आणि हाच कोर्गुर म्हणून सांगायचं," ह्यालमार म्हणाला. "कोर्गुरवर मी बसेन. विचारलं तर तो तुझा लुब्बी."

ब्रागीने हाताच्या पाठीवर तपकीर ओतली, ओढली आणि डोळे पुसले. "म्हणजे बाईंना नको वाटावा असा घोडा हवा, म्हणून तू माझ्याकडे आलास?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

"तसंच आहे," ह्यालमार म्हणाला. "पण तुझ्याशिवाय मी कुणाकडे जाऊ?"

हे ऐकून ब्रागीचा नाइलाज झाला. थोर्दिसची भीती नव्हती. ती जेवणाचं सामान घेऊन जीपने पुढच्या झोपडीवर जाई आणि दुपारी घोड्यांच्या आसपासही नसे. झोपडीवर पोचण्याआधीच्या शेवटच्या बदलीत बाईंना दुसऱ्या घोड्यावर बसवलं की झालं.

पहिल्या दुपारी सगळ्यांनी हातात दोर धरून रिंगण केलं, कळप आत घेतला, आणि ह्यालमारने बाईंपुढे लुब्बी आणून उभा केला. "हा तुमचा कोर्गुर."

बाईंनी त्याच्या गळ्याला मिठी मारली. मग त्या वर बसल्या आणि त्यांचं हाड न् हाड खुळखुळलं. तीन ओढ्यांत त्या तीनदा अडकल्या. संध्याकाळी झोपडीत धुरी दिलेल्या मटणाची ताटली त्यांनी उभ्यानेच संपवली. "चित्रफितीत वेगळा वाटला होता," त्या हळूच म्हणाल्या. ह्यालमारने सहानुभूतीने मान हलवली आणि दोनदा वाढून घेतलं.

सगळं इथेच सुरळीत संपलं असतं, पण बाईंचं ते बोलणं ब्रागीनेही ऐकलं होतं. लुब्बी कसाही असला तरी ब्रागीने त्याला स्वतःच्या हाताने शिकवला होता. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. दुसऱ्या दुपारी कळपाच्या मागून तो बाईंच्या शेजारी आला.

"लगाम आवळू नका," तो म्हणाला. "थोडं मागे रेलून बसा. आणि ओढ्याच्या आधीच त्याच्याशी बोलायला लागा. त्याला एकटं वाटतं."

"काय बोलू?"

"काहीही. मी त्याला लोकरीचे भाव सांगतो."

बाईंनी लुब्बीला अक्कलदाढ कशी काढतात ते जर्मनमधून सांगितलं. लुब्बीने कान मागे वळवले, पाठ सैल सोडली आणि ओढा न थांबता पार केला. पलीकडच्या सपाटीवर तर तो चक्क तोल्त धावला. बाई आनंदाने रडू लागल्या. ब्रागी अभिमानाने लाल झाला आणि पुढे कोर्गुरवर बसलेला ह्यालमार मागे वळून बघत पांढरा पडला.

"तुला काय गरज होती?" संध्याकाळी घोड्यांना पाणी दाखवताना तो ब्रागीवर खेकसला.

"माझ्या घोड्याची बदनामी होत होती."

"बदनामी तुझ्या घोड्याची नाही, माझ्या घोड्याची होत होती. नाव कोर्गुरचं आहे."

"पाठ लुब्बीची आहे," ब्रागी म्हणाला.

आता एकच मार्ग उरला होता. बाईंच्या घोड्यापेक्षा इतर घोडे किती तरी चांगले असतात, हे त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं. ह्यालमार तसा बढाईखोर नव्हता. स्वतःच्या लग्नातही तो मागच्या बाकावर बसायला निघाला होता. पण पुढचे सगळे दिवस दुपार झाली की तो कोर्गुरला बाईंच्या शेजारून असा दौडवी की लाव्हाची काळी धूळ उडे. नदीकाठच्या वाळूवर त्याने एका हातात कॉफीचा मग धरून कोर्गुरला पूर्ण वेगात नेलं आणि परत येऊन मग बाईंना दाखवला. थेंबही सांडला नव्हता.

"कुठला घोडा हा?" बाईंनी विचारलं.

"हा होय? हा ब्रागीचा लुब्बी," ह्यालमार बेफिकिरीने म्हणाला. "आमच्याकडे असे पुष्कळ आहेत." आपण किती हुशार आहोत, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

शेवटच्या दिवशी कळप घरच्या कुंपणात आला. कोर्गुर आणि लुब्बी शेजारी शेजारी गवत खात होते. थोर्दिस कॉफीची किटली घेऊन बाहेर आली. "मग उर्सुला, कोर्गुर पसंत?"

"फार गोड घोडा आहे," बाई म्हणाल्या. ह्यालमारने श्वास रोखला. "पण रागावू नका, माझं मन दुसऱ्यावर बसलंय. मला लुब्बी हवाय. सकाळीच मी ब्रागीला विचारलं आणि त्याने हातावर हात मारला."

ह्यालमारला एवढं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. "उत्तम निवड," आपणच केलेली नावांची अदलाबदल विसरून तो म्हणाला. तेवढ्यात बाईंनी बोट दाखवलं. बोट कोर्गुरकडे होतं.

हातावर हात मारलेला सौदा त्या खोऱ्यात कुणी मोडत नाही. ह्यालमारने ब्रागीला बाजूला ओढलं. "काय विकलंस तू?"

"माझा लुब्बी," ब्रागी म्हणाला. "त्यांनी लुब्बी मागितला, मी लुब्बी दिला. जन्मल्यापासून त्याचं नाव लुब्बीच आहे. तुझी अदलाबदल मी कुठवर डोक्यात ठेवू? माझ्याही गोठ्याला छप्पर लागतंच की."

म्हणजे कोर्गुर तर जाणार होताच, वर छप्पर ब्रागीच्या गोठ्यावर चढणार होतं. थोर्दिस कपाळाला आठ्या घालून दोन्ही घोड्यांकडे आळीपाळीने बघत होती. ती बोलायच्या आत आपण बोललेलं बरं, एवढं ह्यालमारला कळलं. त्याने टोपी काढली.

"तो लुब्बी नाही," तो म्हणाला. "तो कोर्गुर आहे. तुम्ही बसत होतात तो लुब्बी. मीच फसवलं. घोडा गेला की परत येत नाही, आणि मला तो जायला नको होता." बायकोसमोर एका दमात एवढं तो पहिल्यांदाच बोलला होता.

थोर्दिसने किटली खाली ठेवली. "अख्खा आठवडा?"

"हो."

"आणि एवढं सगळं करण्यापेक्षा मला 'नको' म्हणणं तुला अवघड वाटलं?"

"हो," ह्यालमार म्हणाला.

उर्सुलाबाईंनी कोर्गुरच्या मानेवरून हात फिरवला. "पैसे मी आणलेत आणि सौदा केल्याशिवाय मी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "कोर्गुर मी घेतला. पण त्याला इथेच ठेवा. मी दर उन्हाळ्यात येईन. मात्र घोडा माझा. बाकीचं वर्ष तुम्ही त्याच्यावर बसायचं ते मला विचारून. आणि रविवारी मी फोन करीन, तेव्हा त्याच्याशी बोलू द्यायचं."

अशा रीतीने ह्यालमारच्या गोठ्यावर नवं छप्पर चढलं, ब्रागीकडे लुब्बी राहिला, आणि ह्यालमार आपल्याच कुरणात दुसऱ्याच्या घोड्याचा नोकर झाला. दर रविवारी जेवण अर्धवट टाकून तो वाऱ्यात उभा राही आणि कोर्गुरच्या कानाला फोन धरी. पलीकडून जर्मनमध्ये काहीबाही चाले. कोर्गुर गवत चघळे. थोर्दिस खिडकीतून बघून पोट धरून हसे. "हा मूर्खपणा आहे," ह्यालमार आत येऊन दर वेळी म्हणे आणि गार झालेले बटाटे खाई.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी फोन आला नाही. थोर्दिस म्हणाली, "चला, सुटलास. आज तरी गरम जेव."

ह्यालमारने दोन घास खाल्ले, घड्याळाकडे बघितलं, आणि उठून बूट चढवले. बाहेर बर्फ आडवा उडत होता. कुंपणापाशी कोर्गुर मान वर करून, घराकडे कान टवकारून उभा होता. ह्यालमारने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि स्वतःच हॅनोव्हरला फोन लावला.

"ह्यालमार बोलतोय," तो जरा रागानेच म्हणाला. "त्याने किती वेळ उभं राहायचं?"