फुलीसाहेब घर विकतात

चहाचा कप घेऊन माई बाहेरच्या खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. समोरच्या भिंतीवर खडूची भलीमोठी फुली होती. खिडकीजवळ भिंतीवर एक होती, दाराशेजारी गुडघाभर उंचीवर एक होती, आणि कोपऱ्यात त्यांचे यजमान गुडघे टेकून, नाक जवळजवळ जमिनीला लावून, फरशीवर आणखी एक काढत होते.

"अहो, हे काय आरंभलंय सकाळी सकाळी?"

"तपासणी," यजमान मान वर न करता म्हणाले. "ही फरशी पोकळ वाजते. ऐक." आणि त्यांनी ती वाजवून दाखवली.

यजमानांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली. तयार झालेला पंप त्यांच्यापुढे यायचा, ते त्याला उलटासुलटा करायचे आणि जिथे खोट दिसेल तिथे खडूने फुली मारायचे. त्यावरून नावच पडलं फुलीसाहेब, आणि फुलीसाहेबांनी सोडलेला पंप जगाच्या पाठीवर कुठेही बंद पडणार नाही अशी त्यांची ख्याती होती. पडणार कसा? ते सोडतच नसत! नोकरी संपली, पण खडू काही खिशातून गेला नाही. घरातल्या गळक्या छत्रीवर, करपलेल्या कढईवर, एकदा तर जावयाच्या नव्याकोऱ्या बॅगेवरसुद्धा फुली उमटली होती. जावई बिचारा सालस म्हणून निभावलं.

आता मात्र त्यांनी अख्खं घरच तपासायला घेतलं होतं. उद्या गवंडी यायचा होता, परवा रंगारी, आणि मग गिऱ्हाईक. जेवता जेवता एक दिवस फुलीसाहेब अचानक म्हणाले होते, "घर विकून टाकू. जुनं झालंय, निकामी झालंय. आणखी काय!"

तो घास माईंच्या घशात अडकला तो अजून उतरला नव्हता. जुनं तर त्या स्वतःही झाल्या होत्या. लेकीनं पहिलं पाऊल टाकलं ते याच फरशीवर, तिचं लग्न ठरलं ते याच खोलीत, आणि हा माणूस एका शब्दात सगळं निकामी ठरवून मोकळा! माई रागावल्या, रुसल्या, पण बोलल्या नाहीत. त्या हल्ली तशाही कमीच बोलत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांचं वरच्या मजल्यावर जाणं बंद झालं होतं. "खाली वारा छान येतो," असं सांगून त्या बाहेरच्या खोलीतच झोपायला लागल्या होत्या. गच्चीवरच्या त्यांच्या कुंड्यांना फुलीसाहेब पाणी घालायचे. "कशा आहेत हो?" असं त्या रोज विचारायच्या, आणि "ठीक आहेत," असं ते रोज सांगायचे.

घराचा भाव ठरवायला एजंट आला तेव्हा तर तमाशाच झाला होता. त्याने कागदावर आकडा लिहिला. फुलीसाहेबांनी तो पाहिला आणि ते दचकले.

"एवढा? स्वयंपाकघरातला नळ गळतो. त्याचे कमी करा."

"काका, नळ कोण बघतं?"

"मी बघतो. आणि मोरीच्या भिंतीला ओल आहे. तिचेही करा."

एजंटने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही घर विकताय की विकत घेताय?"

शेवटी भाव तसाच लोंबकळत राहिला. "दुरुस्ती झाल्यावर बघू," असं म्हणून फुलीसाहेबांनी खडूची नवी पेटी आणली होती.

माई अजून त्या पोकळ फरशीकडे बघत होत्या तोच फोन वाजला. एजंट होता. "माई, गिऱ्हाईक आजच आलंय! आम्ही कोपऱ्यावरच आहोत. आणि काकांना म्हणावं, हो नाहीतर नाही, यापलीकडे एक अक्षर बोलू नका."

एकच धांदल उडाली. माईंनी ओलं फडकं घेऊन भिंतीवरची फुली घासली, तर फडक्यावर रंगच आला आणि फुलीच्या जागी त्याहून मोठा डाग पडला. मग झाकाझाकी सुरू झाली. फरशीवर चटई आली. गुडघाभर उंचीच्या फुलीवर कॅलेंडर आलं. डागासमोर खुर्ची ओढून माई स्वतः बसल्या, आणि फुलीसाहेब घाईघाईने कोट चढवून खिडकीजवळच्या फुलीला पाठ लावून उभे राहिले.

एजंटमागून एक तरुण जोडपं आत आलं. ती नर्स होती. डोळे असे तीक्ष्ण की तिच्यापासून ताप लपवणंसुद्धा कठीण. नवरा हातात मोजपट्टी घेऊन गप्प उभा होता.

"हे कॅलेंडर एवढं खाली का लावलंय?" नर्सने पहिलाच प्रश्न विचारला.

"यांना ना," माई म्हणाल्या, "मांडी घालून तारीख बघायची सवय आहे."

नर्सने फुलीसाहेबांकडे जरा काळजीनेच पाहिलं. "पाणी भरपूर येतं का हो, काका?"

"हो," फुलीसाहेब म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटलेही, पण आतून दाबलेलं सत्य बाहेर पडलंच. "नळ बंद केल्यावरसुद्धा येतं."

एजंट जोरात खोकला. "काका, तुम्ही आपले स्वयंपाकघर दाखवा!"

फुलीसाहेब भिंतीपासून हलले आणि पुढे चालू लागले. त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, पांढरीशुभ्र फुली उमटली होती. माईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. इतक्या दिवसांचा राग, आणि आत्ताच हसू यावं? शी!

ती फुलीच घर दाखवत फिरली. स्वयंपाकघर झालं, मोरी झाली, मग मंडळी मागच्या अंगाने जिना चढून वर गेली. माई खालीच बसल्या. छतावर पावलं वाजत होती. परकी माणसं आपल्या कुंड्या बघत असतील, या विचाराने त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

नर्स खाली आली ती थेट त्यांच्यापाशी. "माई, खरं सांगा. चटईखालची फुली मी पाहिली, कॅलेंडरमागचीही पाहिली. त्याचं काही नाही, घर म्हटलं की असायचंच. पण जिन्याच्या प्रत्येक पायरीवर फुली आहे. जिना कच्चा आहे का?"

"कच्चा? अहो, दगडी जिना आहे!" एजंट कळवळला. "काका, सांगा ना!"

फुलीसाहेब चोरी पकडल्यासारखे उभे होते. "जिना पक्का आहे," ते म्हणाले. "त्यात काडीची खोट नाही."

"मग फुल्या कशाला?"

"हिला तो चढवत नाही."

माईंना आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"निकामी म्हणालात ना घराला?"

"मग काय म्हणू? तुझ्यासाठी विकतोय म्हटलं असतं, तर विकू दिलं असतंस?" फुलीसाहेब खाली बघत म्हणाले. "खाली वारा छान येतो म्हणे! मला कळत नाही होय? रोज विचारतेस, कुंड्या कशा आहेत. मला नाही ऐकवत ते."

माई खुर्चीचा हात धरून उठल्या. मागचा डाग उघडा पडला, पडू दे मेला!

"बाळ, हे घर घे," त्या नर्सला म्हणाल्या. "नळ गळतो, फरशी पोकळ आहे, सगळं खरं. पण सकाळी इथे असं ऊन येतं ना, की उठून कामाला लागावंसं वाटतं. भाव एजंटने सांगितला तोच. हे मधे वजाबाकी करतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही. फक्त कुंड्या माझ्या मी नेणार."

"त्या मी खाली आणून देतो," नर्सचा नवरा पहिल्यांदाच बोलला.

"आणि जिन्याचे कमी करायचे का, काका?" नर्सने हसून विचारलं.

"छे! ती खोट जिन्याची नाही," फुलीसाहेब घाईघाईने म्हणाले आणि पाणी आणायला वळले. तेव्हा कुठे एजंटचं त्यांच्या पाठीकडे लक्ष गेलं.

"माई, हेही विकायला काढलेत का?"

"नाही हो," माई म्हणाल्या. "हा माल मी फार पूर्वीच पास केलाय." आणि चारचौघांत त्यांनी हाताने नवऱ्याची पाठ झटकली. फुलीसाहेब कानापर्यंत लाल झाले.

पुढच्याच आठवड्यात दोघं तळमजल्यावरचं एक छोटं घर बघायला गेली. फुलीसाहेबांनी दार ढकललं, ते खाली घासलं. खिडकी लावून पाहिली, ती लागेना. कोपऱ्यात ओलीचा चांगला हातभर डाग होता. एजंट श्वास रोखून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होता.

माई पुढच्या दारातून आत आल्या. भिंतीला हात न लावता, कोणाचा आधार न घेता, त्या सरळ मागच्या अंगणापर्यंत गेल्या. तिथे उभं राहून त्यांनी कुंड्या कुठे कुठे ठेवायच्या ते बोटाने ठरवलं आणि तशाच परत आल्या.

"काय, किती फुल्या?"

फुलीसाहेबांनी खिशातला हात खिशातच ठेवला.

"खडू घरी राहिला," ते म्हणाले.

त्यांचा खिसा खडूने पांढराफटक झाला होता. माईंनी तो पाहिला, आणि खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "बरं झालं."