गणिताच्या सरांची चाळीस इंची कॉलर

"माझं नाव ऐकलं की इंटरनेटवरचे गुन्हेगार कॉम्प्युटर बंद करून झोपायला जातात," असं दादा स्वतःबद्दल सांगायचा. ते नाव अजून एकाही गुन्हेगाराच्या कानावर गेलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. ताई त्याची मदतनीस होती, कारण घरात दुसरं कुणी तयार नव्हतं.

बाबांच्या शिलाईच्या दुकानाची वेबसाइट दादानेच बनवलेली. तिच्यावरून गणिताच्या सरांनी शर्टाची मापं पाठवली. सहा वाजता त्यांचा निरोपसमारंभ होता. बाबांच्या हाती पडलं ते एवढंच: "गळा ४०". गिऱ्हाइकाला उलट विचारायचं नाही, हा बाबांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी चाळीस इंची कॉलर शिवली. नुसती कॉलर. वर कडक इस्त्री.

समारंभाच्या दिवशी दुपारी दोन वाजता सर आले, त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि पाठवलेली बाकीची मापं कुठे गेली, असं विचारलं.

"मापं चोरीला गेलीत," दादा म्हणाला. "गळा तेवढा सोडला, म्हणजे चोराला गळाच नाही."

"मग बिनगळ्याचा माणूस शोधायचा का रे?" ताईने विचारलं.

"समोरच्या ड्रायक्लीनरला मान कमीच आहे. लिहून घे."

ताईने लिहिलं.

हल्लेखोर < आणि > या खुणांच्या मध्ये घातक आज्ञा लपवतात, म्हणून दादाने फॉर्मवर रेजेक्स बसवला होता. म्हणजे मजकुरात अशा दोन खुणा दिसल्या की मधल्या सगळ्यासकट त्या कापून टाकणारा पहारेकरी. दादाने पन्नास खोट्या आज्ञा पाठवून पाहिल्या. पन्नासही गायब.

"पहारा चोख आहे. म्हणजे चोर अदृश्य आहे."

बटणं लावत बसलेल्या आईने सरांचा फोन मागितला. त्यात मूळ संदेश होता: "गळा <१६, बाह्या पूर्ण, खिसे दोन, पोट >४०". जिथे चिन्ह चालतं तिथे सर शब्द वाया घालवत नसत.

आईने मधल्या भागावर बोट फिरवलं. "इथून इथपर्यंत सगळं गेलंय. तुझाच पहारेकरी जेवला बघ."

ताईने ड्रायक्लीनर खोडून दादा लिहिलं.

"मग काय खुणा येऊ द्यायच्या?" दादाचा आवाज बारीक झाला.

"येऊ देत की. कापतोस कशाला? टाचून ठेव. टाचलेलं कापड हलतं का?"

दादाने तसंच केलं. खुणा आता नुसत्या अक्षरांसारख्या छापल्या जाऊ लागल्या. कुणाला हुकूम सोडण्याची त्यांची ताकद गेली. मग चौघंही शर्टाला भिडले. दादाच्या वाट्याला काजं आली.

सहाला दहा कमी असताना सरांनी शर्ट घातला. गळा सोळाच्या आत, बाह्या पूर्ण. जाता जाता त्यांनी ती चाळीस इंची कॉलर उचलून पोटाभोवती गुंडाळून पाहिली.

"थोडी कमी पडते," ते म्हणाले. "मी चाळीसपेक्षा जास्त लिहिलं होतं."