दीड मैलावरून दिसणारा झेंडा

झेंड्यांच्या बाबतीत माझ्याकडून चूक होणं शक्यच नव्हतं! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या ज्ञानाबद्दल तुमचा गैरसमज होणार नाही. शाळेत असल्यापासून मला झेंड्यांचा नाद. एकशे सतरा देशांचे राष्ट्रध्वज मी डोळे मिटून काढू शकतो, नेपाळचा तर त्याच्या दोन्ही त्रिकोणांच्या कोनांसह! आपल्या भूदलाचा लाल, नौदलाचा पांढरा, वायुदलाचा आकाशी, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. तिरंग्याची लांबी-रुंदी तिनास दोन, चक्राचे आरे चोवीस, आणि त्याच्याहून उंच दुसरा झेंडा लावायचा नाही. विचारा काहीही!

नगरपालिकेचा झेंडा मात्र मी आपल्याकडे कुठं पाहिला नव्हता. युरोपात म्हणे गावागावाला स्वतःचा झेंडा असतो. आपल्या नगरपालिकेला शिक्का असतो, कचऱ्याच्या दोन बैलगाड्या असतात, एक कोंडवाडा असतो. झेंडा नसतो.

हे मी एकदा नेमीचंद शेठजींसमोर बोलून गेलो आणि पुढचं सगळं घडलं.

नेमीचंद शेठजी म्हणजे आमचे नगराध्यक्ष. कापडाचे व्यापारी. गाव कोणतं ते सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. धुळ्याहून एसटीनं सव्वा तास, एवढं पुरे. साल १९६८. मी, भामरे, बी.एस्सी., पदार्थविज्ञान, द्वितीय श्रेणी, तिथं दोन महिन्यांपासून तात्पुरता आवक-जावक कारकून होतो. ‘तात्पुरता’ची मुदत तीस एप्रिलला संपत होती. त्यानंतर सभेनं कायम केलं तर ठीक, नाही तर धुळ्याला मामांची चुनाभट्टी वाट पाहत होती. “तिथंबी केमिस्ट्रीच शे रे,” असं मामा मोठ्या प्रेमानं म्हणत.

त्या वर्षी शेजारच्या गावानं चौकात टॉवर बांधून त्याला घड्याळ लावलं होतं. ते घड्याळ शेठजींच्या छातीत टिकटिकत होतं.

“भामरे,” ते म्हणाले, “टॉवरला शिमिट लागतो, लोखंड लागतो. झेंड्याला काय लागतो? कापड! आणि कापड तर आपल्या दुकानात हाय!”

“पण रंग शास्त्रीय पद्धतीनं निवडायला हवेत, शेठजी. दृश्यता मोजावी लागेल.”

“मोजा ना! मोटारस्टँडवरून दिसला पायजे बस. सव्वीस तारखेला दुपारी सभा हाय. झेंडा पास, तर तुम्ही पण पास!”

झालं! त्यांनी लाल, पिवळं आणि निळं असं तीन रंगांचं कापड कापून दिलं. बन्सीलाल टेलरनं प्रत्येक रंगाचा एकेक झेंडा शिवला, आणि माझ्या सांगण्यावरून तिन्ही रंग एकत्र असलेला चौथाही. प्रयोगाची जागा ठरलेलीच होती. गावाच्या पश्चिमेला पाण्याची उंच टाकी आहे, आणि तिच्यापलीकडे दीड मैलावर एक उघडी टेकडी. टाकीवर झेंडा लावायचा, सायकलवरून टेकडी गाठायची आणि एनसीसीत बक्षीस मिळालेल्या दुर्बिणीतून पाहायचं. दर तासाला एक रंग. निरीक्षणं वहीत.

टाकीच्या शिडीला कुलूप असे आणि चावी कौतिक आबांकडे. आबा आमचे वॉलमन. गावाला पाणी सोडणारा हा एकच माणूस. पंचवीस तारखेच्या संध्याकाळी ते रजेचा अर्ज घेऊन माझ्याच टेबलासमोर आले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती, आणि आखाजीला लेक माहेरी आणली नाही तर खान्देशात बापाला कोणी बाप म्हणत नाही.

“पोरले लेवाले जास, सायेब. पिपयनेरले. पहाटे पानी सोडस आनि पहिली गाडी धरस. परवा येस.”

“आबा, टाकीची चावी मला द्याल का? झेंड्याचा प्रयोग आहे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. नगरपालिकेतल्या माणसाला टाकीबद्दल काही माहीत नसेल, ही शंका त्यांना आली असावी, पण बी.एस्सी. माणसाबद्दल अशी शंका घेणं त्यांना बरं वाटलं नसावं. त्यांनी चावी दिली.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. मी धर्मशाळेत राहत होतो. तिथं विहीर होती. जेवण खानावळीत. त्यामुळे गावाला पाणी कसं मिळतं, हा प्रश्न मला दोन महिन्यांत पडला नव्हता. शेठजींच्या घरी स्वतःची विहीर असल्यामुळे त्यांना तो गावात नळ आल्यापासून बारा वर्षांत पडला नव्हता.

सव्वीसला सकाळी मी टाकीवर चढलो. वर एक काठी होती आणि काठीच्या बुंध्याशी डब्यात दोन फडकी घडी करून ठेवलेली, एक लाल आणि एक पिवळं. आबांची डोक्याला बांधायची फडकी असणार! मी ती आदरानं बाजूला ठेवली आणि बरोबर नऊ वाजता काठीवर माझा लाल झेंडा चढवला. वारा छान होता. काय फडकला म्हणून सांगू!

टेकडीवर पोचलो, दुर्बीण डोळ्याला लावली आणि थक्क झालो. मला झेंडा दिसेल की नाही एवढंच पाहायचं होतं. इथं तर सगळं जुनं गाव झेंडा पाहायला रस्त्यावर आलं होतं! बाया बोट दाखवत होत्या, पोरी पळत होत्या. मी वहीत लिहिलं: ‘९.२५. लाल. दृश्यता उत्तम. जुन्या गावात अपूर्व उत्साह. बहुसंख्य स्त्रिया, त्यांच्या डोक्यावर स्वागताचे कलश.’

दहा वाजता लाल उतरवून पिवळा चढवला. परत टेकडी. आता जुनं गाव हिरमुसून घरी चाललेलं, आणि नव्या पेठेतून कलशांची नवी फळी बाहेर पडलेली! ‘१०.२५. पिवळा. नव्या पेठेत विशेष लोकप्रिय. जुन्या गावात नाराजी. कारण तपासावे.’

अकराला निळा. या वेळी मात्र कोणी धावलं नाही. बाया झेंड्याकडे पाहत गटागटानं उभ्या होत्या. कोणीतरी काहीतरी सांगत होतं, दुसरी तिसरीला सांगत होती. मग एकेक बाई घरात गेली, भरलेला हंडा घेऊन आली आणि दारासमोर ओतला! हां हां म्हणता गल्लीच्या गल्ली ओली झाली. माझा ऊर भरून आला. ‘११.३०. निळा. नागरिकांनी आपापल्या दारात सडा घातला.’

निष्कर्ष उघड होता. कोणताही एक रंग निवडला तर गावाच्या एका भागावर अन्याय! बारा वाजता मी तिरंगी, म्हणजे लाल-पिवळा-निळा, असा एकत्र झेंडा चढवला आणि टेकडीवर जाऊन पाहिलं. जुनं गाव आणि नवी पेठ दोन्ही एकाच वेळी बाहेर आली, चौकात भेटली आणि नगरपालिकेकडे चालू लागली.

मिरवणूक!

मी सायकल अशी हाणली की चेन दोनदा उतरली. नगरपालिकेसमोर पोचलो तेव्हा चारशे तरी बाया जमल्या होत्या. पायरीवर नेमीचंद शेठजी हात जोडून उभे होते. सभेसाठी आणलेला हार त्यांनी अंदाजानं स्वतःच गळ्यात घालून घेतला होता.

“भामरे!” ते माझ्या कानाशी म्हणाले. “टॉवर बघायला पन्नास माणूस नव्हता आला! कमाल केली तुम्ही!”

तेवढ्यात गर्दीतून वच्छलाबाई पुढं आल्या. जुन्या गावातल्या नळकोंडाळ्यावरची रांग यांच्या शब्दावर हलते आणि यांच्या शब्दावर थांबते. बरोबर माहेरपणाला आलेली लेक होती. दोघींच्या कमरेवर रिकामा हंडा.

“शेठ,” वच्छलाबाई म्हणाल्या, “पानी कुठे शे?”

शेठजींनी हात खाली घेतले. “कसलं पाणी?”

“कसलं पानी! लाल फडकं लागनं म्हंजे जुना गावले पानी. पिवयं लागनं म्हंजे नवी पेठले. कौतिकभाऊ बारा वरीस जायात लावस! आज सक्कायपाईन तुमी आमले तीन डाव पयाडं!”

“आखाजीनं जादा पानी उनं म्हनीसन आमी पयनूत!” मागून नव्या पेठेची एक बाई ओरडली.

“आनि तो निया कसाना?” वच्छलाबाईंनी विचारलं. “गावमा बठ्ठा म्हने, पानीमा औषध जास्त पडनं, पिवू नका! आमी घरमातलं बठ्ठं पानी फेकी दिधं! आते घरमा थेंब नही, आनि मन्हा तीन्ही पोरी माहेरले येल शेतीस!”

डब्यातली दोन फडकी डोळ्यांसमोर आली. नीट घडी करून ठेवलेली!

शेठजींनी गळ्यातला हार काढून हळूच पाठीमागं धरला. “मी कापड दिला फक्त,” ते गर्दीला म्हणाले. “बाकी सगळा यांनी केला. हे बी.एस्सी. हाय. भामरे, बोला! काय करत होता तुम्ही सकाळपासून?”

माझ्याजवळ लेखी पुरावा होता, आणि निरीक्षणं लपवायची नसतात असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं.

“नऊ पंचवीस. लाल. जुन्या गावात अपूर्व उत्साह. बहुसंख्य स्त्रिया, त्यांच्या डोक्यावर स्वागताचे कलश.”

वच्छलाबाईंनी कमरेवरच्या हंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दहा पंचवीस. पिवळा. नव्या पेठेत विशेष लोकप्रिय. अकरा तीस. निळा. नागरिकांनी... नागरिकांनी आपापल्या दारात सडा घातला.”

आधी वच्छलाबाईंची लेक फिसकन हसली. तिनं तोंडाला पदर लावला, पण हंडा घसरला आणि ठणाणा करत पायऱ्यांवरून खाली गेला. त्या आवाजानं बांध फुटला. चारशे बाया हसायला लागल्या! कोणी गुडघ्यावर हात ठेवून, कोणी दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकून. एक म्हातारी तर “कलश वं माय, कलश!” म्हणत मटकन खालीच बसली. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा दंड धरला.

“चाल. वाल सोड.”

“मला कसा सोडायचा ते माहीत नाही हो, अक्का.”

“तुले नही मालूम. मले मालूम शे. बारा वरीस टाकीजोडे हुभी ऱ्हाईसन कौतिकभाऊना आटा मोजस मी!”

आणि टाकीच्या पायथ्याशी, खड्ड्यात उतरून, व्हॉल्व्हचं चाक फिरवत, मी वच्छलाबाईंच्या हुकमाखाली गावाचं पाणी सोडलं. “डावीकडे! आखो सात. जोर कर ना भो, जेवना नही का?” एकोणीस आटे जुन्या गावाचे, सतरा नव्या पेठेचे. पाणी सुटल्याची ओरड लांबून ऐकू आली तेव्हा माझ्या तळहातावर चार फोड होते. आयुष्यातला हा माझा पहिला यशस्वी प्रयोग.

सभा अडीचला भरली. माझ्या नोकरीचा विषय झेंड्याच्या विषयाला जोडलेला असल्यामुळे मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. सदस्यांचं म्हणणं असं पडलं की एवढा दिसणारा झेंडा वाया घालवू नये. शिवाय तिन्ही रंगांची गावाला चांगली ओळखही झाली आहे. मग निळा तेवढा वगळून लाल-पिवळा झेंडा नगरपालिकेचा म्हणून टाकीवरच लावावा, असं शेठजींनी सुचवलं. सगळे माना डोलावू लागले. इथं मी गप्प बसायला हवं होतं!

“माफ करा,” मी दारातून म्हणालो, “टाकी आपल्या कार्यालयावरच्या तिरंग्याहून एकतीस फूट उंच आहे. तिरंग्याहून उंच दुसरा झेंडा चालत नाही. नियम आहे.”

“हे कवा कळलं तुम्हाला?” शेठजींनी विचारलं.

“पहिल्यापासून माहीत आहे.”

शेठजींनी ठरावाचा कागद फाडला आणि नवा मागवला.

ठराव असा झाला: नगरपालिकेच्या ध्वजाचा विषय रद्द. शिवलेलं कापड ध्वज नसून फडकं आहे असं समजावं आणि ते पाणीपुरवठा विभागाकडे द्यावं. कौतिक आबांचे गुडघे दुखत असल्यामुळे रोज शिडी चढण्यासाठी त्यांना मदतनीस द्यावा. सदर इसम टाकीवर चढतो, दीड मैलावरून पाहू शकतो आणि वच्छलाबाईंना त्याची माहिती आहे, म्हणून त्यास या जागी कायम करण्यात येत आहे.

झालो कायम!

त्याला आता सहा वर्षं झाली. धुळ्याला आई शेजारणींना सांगते की मुलगा ध्वज विभागात आहे. ते अगदीच खोटं नाही. रोज पहाटे साडेपाचला मी टाकीवर चढतो आणि बरोबर वेळेला लाल किंवा पिवळं फडकं लावतो. खाली सगळं गाव माना वर करून बघत असतं. इतक्या उत्सुकतेनं बघितला जाणारा झेंडा माझ्या एकशे सतरा देशांत एकही नाही.

निळा झेंडा आबांनी जपून ठेवला आहे. तो लावायची वेळ कधी आली नाही. पण आखाजी जवळ आली की वच्छलाबाई हंडा कमरेवर घेऊन टाकीखाली थांबतात आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वर ओरडतात:

“ओ सायेब! निया कव्हय लावतस? मन्हा सडा टाकाना ऱ्हायना!”