खोली नंबर एकसष्टची तीनचाकी

अन्याय झाला तो सोनवणे मास्तरांवर. मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीच्या फाटकासमोर. पत्रकं लिहून लिहून मला आधी घड्याळ बघायची सवय लागली आहे, म्हणून वेळ पक्की. मास्तर ज्या गाडीत बसले होते ती गाडी वाहतूक खात्याच्या एका पथकाने जप्त केली.

"आजोबा, उतरा," पथकातला एक जण म्हणाला.

"तीस वर्षं बसवर कंडक्टर होतो मी," मास्तर म्हणाले. "स्टॉप आल्याशिवाय उतरत नाही."

चौघांनी त्यांना सीटसकट उचलून फुटपाथवर ठेवलं. मग सीटही गाडीचीच आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा मास्तरांना प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून सीट नेली. मी ओरडले. माझं ओरडणं त्या पथकाला पाठ आहे. मलाही आहे.

गाडी मास्तरांची नव्हे. ती त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दत्ताराम परबांची, म्हणजे आमच्या परबकाकांची. काका बसडेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं गावी जातात, नातवंडं सांभाळतात. काका भंगारात जाऊ लागले. भायखळ्यापासून कुर्ल्यापर्यंत कुठे गाडी तोडली जातेय हे त्यांना आधी कळतं. त्यातून ते तीनचाकी मोटरसायकली बनवतात. पुढचा अर्धा भाग मोटरसायकलचा, मागचा काळ्यापिवळ्या टॅक्सीचा. एकेक भाग ते आपल्याला नात्यातल्या माणसासारखा ओळख करून देतात. "ह्या चाक गिरगावच्या डॉक्टराच्या गाडीचा. पेशंट बघूक धावलेला चाक आसा, पंक्चर जावचा नाय." ते आठवड्याला पंक्चर होतं.

त्यांची पहिली गाडी फक्त डावीकडे वळायची. काका भाजी आणायला दादरला निघाले की डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे करत चाळीला दोनदा प्रदक्षिणा घालायचे, तेव्हा कुठे मोठ्या रस्त्याला लागायचे. दुसरी दोन्हीकडे वळायची, पण थांबायची नाही. तिसरी चांगली झाली. तिच्यावर नंबरप्लेटच्या जागी काकांनी पांढऱ्या रंगाने 'खोली नं. ६१' असं लिहिलं होतं. पथकाच्या साहेबाने विचारलं, "कुठल्या कंपनीची गाडी आहे ही?" काका म्हणाले, "माझ्या."

तर ही तिसरी गाडी. तिची मागची सीट मागे तोंड करून बसवलेली. चालवणारा पुढे बघणार, बसणारा मागे. सीटपुढे टॅक्सीचा एक दरवाजा आडवा जोडलेला, कारण मास्तरांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. तो त्या दरवाजावर सरळ ठेवायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मास्तरांचं परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस असतं. टॅक्सीत तो पाय मावत नाही, बसची पायरी उंच पडते आणि मुंबईच्या या टोकाला रिक्षा चालत नाही. म्हणून काकांनी ही गाडी बांधली. मास्तर दुपारी गॅलरीत झोपले असताना काकांनी सुतळीने त्यांच्या पायाचं माप घेतलं आणि सुतळीला गाठ मारली. मी बघितलं तेव्हा म्हणाले, "गप ऱ्हव गो. उठात तो."

मागितलं असतं तर मास्तरांनी जागेपणी माप दिलं असतं. पण मागायला बोलावं लागतं, आणि हे दोघे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसायचं, आठवड्यातून तीन दिवस, आणि एक शब्द नाही. तोंडं विरुद्ध दिशांना असल्यामुळे ते जमून जायचं. मास्तरांच्या हाताशी दोरी, दोरीला काकांच्या कानाजवळ घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. काकांना कुणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "गाडी बोलता, माणसान गप ऱ्हवाचा." पण हेच काका रोज सकाळी खोलीत एकटे बसून अख्खा पेपर मोठ्याने वाचतात, अगदी पावसाच्या अंदाजापासून निधनवार्तांपर्यंत. मास्तरांना हल्ली छापील अक्षर दिसत नाही. मधली भिंत पातळ आहे. पलीकडे मास्तर रेडिओ बंद करून बसलेले असतात.

भांडण कशावरून झालं याबद्दल चाळीत मतं आहेत. कुणी म्हणतं मोरीच्या पाण्यावरून, कुणी गणपतीच्या मांडवावरून. मी विचारायला गेले नाही. मला वेळ नव्हता. अर्ध्या चाळी पाडून झाल्या, टॉवर वर चालले आहेत, आणि उरलेल्यांचे अर्ज घेऊन मी या खिडकीवरून त्या खिडकीवर जाते. काकांच्या गाडीसाठीही गेले. "कागद आणा," म्हणाले. सात मेलेल्या गाड्यांपासून झालेल्या गाडीचा कागद कुठून आणू? कायद्याने ती रस्त्यावर यायला नको, हे मला समजतं. मग मास्तरांनी कसं जावं, हे कायद्याने सांगावं. तसं सांगणारी खिडकी मला अजून सापडलेली नाही.

मंगळवारचं डायलिसिस बुडालं. बुधवारी मास्तरांचे पाय सुजले. गुरुवारी सकाळी काका बाजारातून भाजीवाल्याची हातगाडी घेऊन आले. तिच्यावर गादी घातली, मास्तरांना बसवलं आणि ढकलू लागले. सत्तरीचा माणूस सत्तरीच्या माणसाला ढकलत होता. मी दुसरी मूठ धरली. रस्त्यावर लोक मोबाइल काढून शूट करत होते. हात कुणी लावला नाही.

परळच्या सिग्नलला काका थांबले. धाप लागली होती. मास्तर पुढे बघूनच म्हणाले, "परब, दमलास रे."

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. काकांनी माझ्याकडे बघितलं. "तेका सांग, मी दमाक नाय."

"काका, ते इथे आहेत, तुमच्या हाताच्या अंतरावर! तुम्हीच सांगा ना."

"कसा सांगू? तूच लिवललंस मगे."

"मी? काय लिहिलं होतं?"

काकांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात चार घड्या घातलेलं एक पिवळं पत्रक होतं. खाली चाळीच्या समितीचं नाव, मजकूर माझा. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर कुणीच सही करू नये म्हणून आम्ही दारोदार हिंडत होतो. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: 'जो सही करील त्याच्याशी चाळीतल्या कुणीही बोलू नये.' मजल्यावरची पहिली सही मास्तरांनी केली होती. पुढे सगळ्यांनीच केली. मीही केली. पत्रक सगळे विसरले, मीसुद्धा. काकांनी ते पाळलं, पहिल्या सहीपुरतं.

"अहो, ते केव्हाच संपलं," मी म्हटलं. "बोला तुम्ही."

"तोंडी नको." काका सिग्नलकडे बघत होते. "छापून इला ता छापूनच जाऊक व्हया. लवकर लिव गो. माका लय काय काय सांगूचा आसा तेका."

मास्तरांनी मान वळवली नाही. फक्त गादीवर थोडे बाजूला सरकले आणि काकांच्या हाताला टेकायला हातगाडीच्या कडेवर जागा करून दिली.

म्हणून हे छापते आहे. ते वाक्य मी लिहिलं होतं, ते चूक होतं, ते मी मागे घेते. परबकाका, बोला.

आणि हे वाचणाऱ्यांनो, तुमची सही मला नको, सह्या खूप झाल्या. काकांची गाडी जप्तीतून सुटेपर्यंत दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या फाटकाशी या. मोबाइल खिशात ठेवा आणि हातगाडी ढकला. त्या दोघांना बोलायचं आहे. ढकलताना काकांना धाप लागते.