अनुसयाबाईंच्या अमेरिकन बायका

आमच्या शेजारच्या अनुसयाबाई पुस्तकातल्या बायकांशी भांडायच्या. तेही मोठ्यानं. भोकरदनला बदलून आलो तेव्हा मला वाटलं, घरात सून असावी. सून नव्हती. कुणीच नव्हतं. जालन्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवून बाई गावी परतल्या होत्या, आणि मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन मडमेनं ट्रंकभर जुन्या कादंबऱ्या त्यांना देऊन टाकल्या होत्या.

निजामाचं राज्य. शाळेत सगळं उर्दूतून. दिवसभर घसा कोरडा करून मी घरी यायचो, तर बाई ओट्यावर वाट बघत बसलेल्या.

"मास्तर, ह्या मेरीला काय म्हणावं? नवरा दारू पिऊन राह्यला अन् ही त्याच्यासाठी प्रार्थना करून राह्यली."

"बाई, मागच्या शतकातल्या, तिकडच्या गोष्टी त्या."

"मंग? बाई तीच की."

निकाल ठरलेला असायचा. "सोसणाऱ्या बाईला लिहिणारा सरग देतो, भाकर देत न्हाई." रडणाऱ्या नायिकांवर तर फार राग. एकीनं पियानोवर डोकं टेकून रडायला घेतलं, तर म्हणाल्या, "हात रिकामे असले की असं व्हतं."

पण समोरची रखमा सासरी निघाली, आणि तिची आई तिला दटावू लागली, "रडू नको, लोक बघून राह्यलेत," तेव्हा ह्याच बाई मधे पडल्या. "रडू द्या तिला. तिकडं एक बाई रडली तर पानंच्या पानं छापतात. आपल्या पोरीला घटकाभर बी न्हाई का?" गाडीवानानं मुकाट्यानं बैल सोडले आणि बिडी पेटवली.

पुढं बाईंचा मोतीबिंदू वाढला आणि वाचायचं काम माझ्याकडं आलं. थकलेला माणूस वाचतो तसंच मी वाचायचो, भरभर, मराठी करत. एका संध्याकाळी लहान मुलीच्या मरणाचं प्रकरण आलं. मी ते गाळलं.

"मास्तर, पोरगी आत्ता खोकत व्हती. लगेच कबरीवर फुलं कशी?"

मी मागं गेलो. मुलगी गेली. तिची आई उशाशी बसून रडत होती.

"माझी कावेरी अशीच गेली. चार वर्षांची व्हती. सासू म्हणली, पोरगीच व्हती, ऊठ, चूल पेटव. मी पेटवली. भाकरी बी केल्या सगळ्यांच्या."

मी पान शोधत राहिलो.

"त्या आईजवळ कुणी बसलं व्हतं का हो? शेजारीणपाजारीण?"

पुस्तकात आई एकटीच होती.

"बसली होती एक," मी म्हणालो.

"काही बोलली?"

"नाही. नुसती बसली होती."

"बराबर हाये," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी पुस्तक मिटलं आणि तिथंच बसून राहिलो.