ऐंशी नंबरचं दार

"वेबसाइटसाठी लोकांच्या दारात कशाला जायचं? सर्व्हर आपल्या घरात चालवू!" इंजिनिअरनी छाती फुगवून जाहीर केलं. नोकरी वाचनालयात कारकुनाची. 'इंजिनिअर' हा मेव्हणीने मारलेला टोमणा. पण त्यांनी तो पदवीसारखा मिरवला!

बायको मात्र धास्तावली होती. नोकरी सोडून तिने शिवणवर्ग काढला होता, वेबसाइटचा पत्ता आणि आपला नंबर छापलेली पत्रकं वाटली होती. रविवारी अकराला वेबसाइटवर प्रवेश सुरू होणार, आणि संध्याकाळपर्यंत वीस जागा भरल्या नाहीत तर ठरवलेला हॉल दुसऱ्याला जाणार.

चपलांच्या कपाटावर सर्व्हर म्हणून एक म्हातारा लॅपटॉप बसवला गेला. इंजिनिअरनी स्वयंपाकघरात, बाल्कनीत, एवढंच काय, न्हाणीघरातही फोनवर वेबसाइट उघडून पाहिली. सगळीकडे झकास!

अकरा वाजून पाच मिनिटांनी मेव्हणीचा फोन.

"भाऊजी, पान उघडत नाहीये."

"फोन बदल तुझा."

"कालच घेतलाय! आणि तुम्ही बघताय ते घरच्याच वाय-फायवर ना? बाहेर कुणाला दिसतंय का?"

इंजिनिअरचा चेहरा पडला. दोन दिवस जगभर गाजलेली वेबसाइट फक्त तीन खोल्यांत गाजत होती! शोधाशोध केल्यावर कळलं, की वेबसाइट ज्या ऐंशी नंबरच्या दारातून, म्हणजे पोर्टातून बाहेर पडते, ते इंटरनेट कंपनीनेच बंद ठेवलंय. त्यांनी तावातावाने कंपनीला फोन लावला.

"मला पोर्ट पाहिजे! आत्ताच्या आत्ता!"

"पोर्ट करायचंय सर? दुसऱ्या कंपनीकडे जाताय? आमच्या सेवेत काही कमी पडलं का?" पलीकडची मुलगी हळहळली.

"कमी? तुम्ही माझी वाट अडवलीय! मला बाहेर जाऊ द्या!"

"ऐंशीने संपणारा ग्राहक क्रमांक आपलाच ना?"

"ऐंशी! हो, ऐंशीच! आता कशी बोललात!"

"विनंती नोंदवली सर. आपण सोडून जाताय याचं वाईट वाटतं."

सोडून? कोण सोडून? इंजिनिअर तोंड उघडेपर्यंत फोन ठेवला गेला, आणि पाचच मिनिटांत घरातलं नेटही गेलं. आता वेबसाइट न्हाणीघरातूनही दिसेना!

"अगं, माझं चुकलं," ते दाराशी उभं राहून पुटपुटले. "तुझा वर्ग माझ्यामुळे बुडाला."

बायकोने हातानेच 'थांबा' म्हटलं. तिच्या कानाला फोन होता, पुढ्यात वही होती. "हो ताई, लिहिलं तुमचं नाव. विसावं. आता जागा नाही हं!"

इंजिनिअरनी वही ओढली. 'माहिती कुठून मिळाली?' या रकान्यात पहिल्या नावापुढे लिहिलं होतं: 'वेबसाइट उघडेना, म्हणून पत्रकावरच्या नंबरवर फोन केला.' खाली एकोणीस वेळा 'वरीलप्रमाणे'.

त्यांची छाती पुन्हा फुगली. "म्हणजे प्रवेश वेबसाइटमुळेच आले की!"

"तर काय!" बायको म्हणाली. "पुढच्या वर्गालाही अशीच बंद ठेवा. जमेल ना एवढं?"