टिटवीच्या दगडाची ऊब

एका जंगलात, बाळांनो, अंडी उबवायलाही दाखला लागत असे. घरट्यातला दगड ऊब धरतो की पळवतो, हे आधी तपासून घ्यायचं आणि मग खुशाल बसायचं. सिंहमहाराजांचा तसा हुकूमच होता. का, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

माळावरच्या टिटवीने दाखला यायच्या आधीच एका चपट्या दगडाच्या खळग्यात चार अंडी घातली. पोटातली अंडी कुठे थांबतात? मग दरबारातून तपासायला मुंगी आली. ही मुंगी साधीसुधी नव्हती. दवाच्या थेंबातून बघायची आणि मिशीच्या टोकाने दगडाचा कण न् कण चाचपायची. कण कसला, कणाचाही हजारावा भाग!

"टिटवीताई, जरा उठता का?" मुंगी म्हणाली.

"का हो बाई?"

"तुमची ऊब दगडाच्या उबेत मिसळते. आकडे बिघडतात."

टिटवी बिचारी उठली. मुंगीने दगडाची एक कड धरली आणि सरळ रेघेत सरकू लागली. संध्याकाळ झाली तरी पहिलीच रेघ चालू होती. त्यात गार वारा सुटला. टिटवी अंड्यांभोवती घिरट्या घालू लागली.

"बाई, अजून किती रेघा?"

"चाळीस हजार फक्त."

"अहो, माझी पोरं गारठून मरतील!"

"पण गंमत तर बघा! ऊब कणातून सरसर जाते आणि दोन कणांच्या फटीपाशी अडखळते. आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं हे!"

मुंगी आनंदाने नाचत होती, आणि खरं सांगायचं तर शोध मोठाच होता. टिटवीने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. मग पंख पसरले आणि मुंगीसकट सगळ्यावर बसकण मारली.

"अहो, आकडे! माझे आकडे!" पोटाखालून आवाज आला. थोड्या वेळाने तो येईनासा झाला. थंडी मुंगीलाही वाजत होतीच.

काही दिवसांनी चारही पिल्लं बाहेर आली. टिटवीला रडू आवरेना. तिघं माळभर धावत सुटली. चौथं दमून त्याच दगडावर झोपी गेलं.

तीन रेघा पुऱ्या झाल्या तेव्हा मुंगीने अहवाल धाडला. "दगड ऊब पळवणारा आहे. त्यावर अंडी उबणे शक्य नाही. कडेला एक मऊ, उबदार डाग आढळला. तो मधूनमधून चिवचिवतो. अधिक संशोधन व्हावे."

महाराजांनी दाखला नाकारला. पिल्लांना कळवायचं मात्र राहून गेलं.

तात्पर्य : शहाण्या अंड्याने अहवाल येईपर्यंत फुटू नये. आणि आईने तर मोजमाप चालू असताना मध्ये बसूच नये.